टाकलेले तीन राजे

बाबांनी हातातली पाचही पानं पालथी टाकली आणि चहाचा कप उचलला. डाव मी जिंकले होते, तरी मला राग आला होता. माझ्याकडे चार अठ्ठ्या होत्या. असली पानं माणसाला कधीतरीच येतात, आणि हाती लागल्या मूठभर सुक्या काजूबिया. बाबा कप खाली ठेवायला वळले तेवढ्यात मी त्यांची पानं उलटून पाहिली.

तीन राजे, दोन दश्शा.

मी बघतच राहिले. पोकरमध्ये याच्यावर चढणारे हात अगदी थोडे; माझ्या चार अठ्ठ्या त्यांतल्याच, पण त्या बाबांना दिसत नव्हत्या. मी असते तर होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या बिया लावल्या असत्या. आणि ह्या माणसाने तो हात गार झालेला चहा सोडावा तसा सोडून दिला होता.

"टाकलेल्या पानांका हात लावूचो नाय गो," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

हे मिठबावच्या आमच्या घरातलं, श्रावणातलं. बाबा मागीलदारच्या पायरीवर शेवाळावरून घसरले, घोट्याचं हाड मोडलं, आणि प्लास्टर निघेपर्यंत मी कट्टा गावच्या माझ्या घरून येऊन त्यांच्याकडे राहिले. आई गेल्यापासून ते एकटेच असतात. त्यांना कायमचं कट्ट्याला न्यायचं, हे पहिल्याच दिवशी माझ्या मनात पक्कं झालं होतं. फक्त बोलले नव्हते. आधी हातातली कामं: औषधं, डॉक्टरांच्या तारखा, कमोडची खुर्ची, पायरीसाठी ब्लीचिंग पावडर. ती आटोपल्यावर दुपारी करायला काही उरेना. तेव्हा बाबांनी पत्ते काढले. तरुणपणी ते मालवाहू बोटीवर आचारी होते. पोकर तिथं शिकले, आणि गावात त्यांना जोडीदार कधी मिळाला नव्हता. मला आणि शेजारच्या काकांना त्यांनी बरोबरच शिकवायला घेतलं.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला पाच पानं, नको असतील ती एकदा बदलून घ्यायची, मग बिया लावायच्या. दुसऱ्याने लावल्या तेवढ्या लावा, वाढवा, नाहीतर पानं टाका. कशावर काय चढतं ते मी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. माझ्या बिया माझ्यासमोर कधी ढिगात, कधी रांगेत असत, काकांच्या लुंगीच्या ओच्यात. काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ते पानं कधी टाकतच नसत.

"तिकीट फाडलंय ना, मगे शेवटच्या स्टॉपापर्यंत बसतलंय."

"गाडी खंय जाता त्याची पाटी तरी वाच मरे," बाबा म्हणायचे.

वाईट पानं टाकायला मी लगेच शिकले. चांगली टाकणं मला जमेना. एकदा पाचही पानं बदाम आली म्हणून मी सगळ्या बिया पुढे सारल्या, आणि काकांनी हसत हसत त्यावर चढणारे तीन गुलाम, दोन नव्व्या दाखवल्या.

"तू तुझीच पानां बघत रवलंस," बाबा म्हणाले. "काकान एकव पान बदलल्यान नाय, ता बघलंस?"

नव्हतं बघितलं. म्हणूनच त्यांचे ते तीन राजे पाहून मी चक्रावले.

"माझ्याकडे अठ्ठ्या आसत ह्या कसा कळला तुमका?"

"अठ्ठ्या आसत ता माका खंय म्हायत? माझ्यापेक्षा बरी पानां आसत, इतक्याच दिसला."

"कशावरून?"

"ता सांगलंय तर मगे मी जिंकतलंय कसो?"

प्लास्टर निघालं, बाबा काठी घेऊन चालू लागले, मी कट्ट्याला परत आले आणि कामाला लागले. माझी बाजू भक्कम होती. डॉक्टर म्हणाले होते, यांना एकटं ठेवू नका. मुंबईच्या भावाचा होकार होता. आमच्या खालच्या खोलीला मी न्हाणीघरात रेलिंग, पलंगाशी बेल, रात्रीचा दिवा, सगळं करून घेतलं. बाबांकडे उत्तर एकच असणार: माझं घर. बोटीवरून ते दर वेळी ह्याच घरी परतत आले. भांडण होईल, ते अबोला धरतील, ही तयारी मी ठेवली होती. आदल्या दिवशी बाबांना फोनवर फक्त येते एवढंच सांगितलं, मुद्दे क्रमाने लिहून पर्समध्ये घातले आणि येताना गाडीत मोठ्याने म्हणूनही पाहिले.

मिठबावला पोचले, तर ओटीवर बॅग भरलेली. बाबा धुतलेला शर्ट घालून खुर्चीत बसलेले. बॅगेवर पत्त्यांचा जोड, रबर लावून.

"येतंय मी," ते म्हणाले. "उशीर केलंस."

मी दारापुढच्या खळ्यातच उभी राहिले. त्यांना बरं नाही की काय, हीच शंका आधी आली.

"काय होता तुमका?"

"काय एक होणा नाय. मागचा दार लाव आणि चल."

शेजारून आलेले काका बॅग घेऊन गाडीकडे गेले. मी मागचं दार लावायला गेले. पायरीशी लोखंडी पाइप रचून ठेवलेले, नवे, मापात कापलेले. ते कशाचे हे मला लगेच कळलं. अशाच पाइपांचं रेलिंग मी करून घेतलं होतं. मी तशीच पुढे येऊन काकांना गाठलं.

"वेल्डर परवा लावूक येतलो होतो," काका हळू आवाजात म्हणाले. "जेवाण आमच्याकडसून. राती मी ओटीर झोपतलंय. सगळा ठरला होता. काल अचानक म्हणता, नको."

"कित्याक?"

"ता तुझ्या बापाशीक इचार."

एकटं ठेवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबा एकटे राहणारच नव्हते. माझा एकही मुद्दा टिकला नसता. हे सगळं हातात असताना त्यांनी शर्ट धुतला होता आणि बॅग भरली होती.

बाबा गाडीत बसले होते. मी शेजारी बसले.

"पाइप बघलंय."

"टाकलेली पानां परत उलटी केलंस," ते म्हणाले.

"पण टाकलात कित्याक?"

"तू राती फोन करतंस. सकाळी करतंस. मी उचलूक येळ केलंय तर काकाक उठवतंस. रेलिंग लावून ता थांबतला काय?" मग म्हणाले, "आणि हात बरो इलो काय तू काजूबियो रांगेत लावतंस, एकदम सरळ. गेल्या खेपेक माझ्या औषधांच्यो बाटल्यो तशोच लावन ठेवलंस, तोंडातसून शब्द काडूक नाय. तेव्हाच समाजला, आता तू काय पानां टाकूची नाय."

मी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. माझ्या हातांचं मला माहीत नसलेलं हा माणूस महिनाभर वाचत होता.

काच खाली करून मी काकांना हाक मारली. "काकांनू, वेल्डराक येऊ दे. रेलिंग लावून घेवा."

"आता कोणाक?" बाबा.

"आंबे धरतीत तेव्हा तुमी हंय रवतलास. पायरी चढूक लागतली."

"आणि तुझी झोप?"

"ता माझा मी बघतंय."

त्यांनी सीटबेल्ट ओढून लावला. मी किल्ली लावायला गेले, तर ती भोकात जाईना. घाईत मी ती उलटी धरली होती. बाबांनी बाजूने वाकून बघितलं.

"सावकाश गो," ते म्हणाले. "बोट खंय सुटत नाय."