दार नसलेली खोली

सोमवार, १० जुलै २०१७. थंडी कडाक्याची, वारा नाही. पाण्याची टाकी भरून घेतली. निक्शाचा खोकला अजून आहेच. कोठीच्या फळीवर आजही बारीक लाल धूळ, दोनदा पुसली. उद्या तासो खोदयंत्र घेऊन येणार.

यागोदाने वही मिटली आणि कोठीत जाऊन साखरेच्या बरणीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. बोट लाल झालं. ऑस्ट्रेलियातल्या या कूबर पीडीत जमिनीखाली राहणाऱ्याला धुळीचं काय कौतुक! भिंतीला चुना लावून ठेवला तरी ती कुठून ना कुठून येतेच. पण गेली तीस वर्षं या फळीवर ती आली नव्हती. आता आठवडाभर रोज येत होती.

निक्शा तिच्या नवऱ्याचा, स्टिपेचा धर्मपुत्र. त्याची आई लवकर गेली, बाप ओपल रत्नांच्या मागे हिंडून हिंडून शेवटी मायदेशी, दाल्मेशियाला परतला आणि पोरगा या दोघांच्या घरी वाढला. स्टिपे टेकडीच्या पोटात खणायचा, निक्शा कॉम्प्युटरच्या पोटात. पंधरा-सोळा वर्षांचा असताना एका मारामारीच्या खेळाने त्याला वेड लावलं. खेळासोबत नवे नकाशे करायची सोय नव्हती, म्हणून पोराने ती स्वतःच लिहून काढली. ‘एडिटर’ म्हणायचा तिला. इतर मुलं रिकाम्या जागेत भिंती उभारत. याच्या एडिटरमध्ये सुरुवातीला सगळा दगडच असायचा, आणि त्यातून खोल्या कोरून काढायच्या. घर म्हणजे खणणं, याशिवाय दुसरं काही त्याने पाहिलंच नव्हतं.

पहिला नकाशा त्याने या घराचाच केला. स्टिपेने टेपचं एक टोक धरलं, त्याने दुसरं. दोघं रविवारचे रविवार बोळातून मापं घेत फिरले, टेकडीवर चढून वरूनही मापं घेतली. “खेळात का होईना, टेकडी खोटी काढायची नाही,” एवढं स्टिपेचं एक वाक्य यागोदाने स्वयंपाक करता करता ऐकलेलं. मग एका दुपारी तिला हाताला धरून स्क्रीनसमोर बसवलं.

“मावशी, बघ, तुझं स्वयंपाकघर!”

“आणि माझ्या बेसिनपाशी हे शिंगवालं कोण?”

“राक्षस आहे.”

“मग त्याला सांग, पाय पुसून आत ये.”

त्या बेसिनपाशी एक गंमत होती. तिथे उभं राहिलं की भिंतीमागून गुरगुर ऐकू यायची. खोल, ओली, जागच्या जागी घुमणारी. सगळा नकाशा पालथा घातला तरी तो गुरगुरणारा सापडत नसे. गावातली पोरं वेडी झाली शोधून शोधून. यागोदाला मात्र तेव्हापासून भांडी घासताना उगाच मागे वळून बघायची सवय लागली. स्टिपे त्यावरून तिला चिडवायचा.

पुढे निक्शा ॲडलेडला गेला. हिशेबाची सॉफ्टवेअरं लिहिणारी नोकरी, लग्न, मग लग्न मोडणं. स्टिपे वारल्यावर काही वर्षांनी तो एक बॅग आणि तीन कॉम्प्युटर घेऊन तिच्या दारात उभा राहिला. तिने सूप गरम केलं.

त्याचा तो पोरवयातला एडिटर अजून जिवंत होता हे दोघांनाही नवल. पोलंडात, ब्राझीलमध्ये माणसं त्यात अजून नकाशे करत होती. नव्या मशिनांवर तो सारखा बंद पडायचा म्हणून निक्शाला पत्रं यायची. तेव्हा त्याने तो मुळापासून नव्याने लिहायला घेतला. वर्षभर तेच चाललं. बसल्या जागी मध्येच ओरडायचा, “कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?”

“कुणी?” यागोदा स्वयंपाकघरातून विचारायची.

“मीच!”

गेल्या महिन्यात तो जेवताना भारी खुशीत होता. कोबीच्या पानातली सार्मा तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाला, “मावशी, आता जुना नकाशा उघडला की माझा एडिटर आधी तो झाडून घेतो. लोक अर्ध्या खोल्या पुसतात, अर्ध्या विसरतात, तो सगळा कचरा आत साठतो आणि मग सगळं कोसळतं. जिथे खेळणारा पोचूच शकत नाही, ते सगळं साफ.”

“कुणाला न विचारता?”

“विचारायचं काय त्यात? ज्या खोलीला दार नाही, ती खोलीच नाही.”

सगळ्यात पहिल्यांदा त्याने आपला पहिला नकाशा झाडून घेतला. सुबक झाला म्हणाला.

कॉम्प्युटरांना जागा हवी म्हणून कोठीला लागून एक खोली कोरायचं ठरलं. या घराचा कागदावर नकाशा कधी नव्हताच. जे काय होतं ते स्टिपेच्या डोक्यात आणि निक्शाच्या खेळात. निक्शाने नव्या एडिटरमधून कागद छापून तासोच्या हाती दिला.

तासो हा क्रीटचा ग्रीक, अर्धं गाव त्याने कोरलेलं. कागद डोळ्यांपासून लांब धरत म्हणाला, “काय रे, यात राक्षस कुठे बसतात? त्यांचं भाडं कोण घेतं?”

“राक्षस काढून टाकलेत, तासोकाका.”

“मग माझ्यासारख्या देखण्या माणसाला सोबत कुणाची?” असं म्हणून तो हसला, आणि मग हसणं बाजूला ठेवून तोच प्रश्न विचारला, जो तो प्रत्येक घरी विचारतो. “या बाजूला जुनं काही नाही ना? शाफ्टबिफ्ट?”

ही टेकडी म्हणजे चाळण. ओपल शोधणाऱ्यांनी उभे शाफ्ट खणले, काही लागलं नाही की निघालेली मातीखडी परत आत लोटली आणि पुढे गेले. असा बुजवलेला शाफ्ट वरून दिसत नाही. बाजूने त्याचं कवच फोडलं की ती सगळी भुसभुशीत माती एका दमात खाली येते. तासोचा धाकटा भाऊ तसाच गेला होता. त्याला बाहेर काढायला दोन दिवस लागले होते.

“नकाशात काही नाही,” निक्शा म्हणाला.

तासोने यागोदाकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. “स्टिपेला ठाऊक असायचं. त्यानेच मापं घेतलीत, म्हणजे बरोबरच असणार.”

मंगळवारी सकाळी यंत्र सुरू झालं. वीज घरातूनच घेतली होती. दिवे क्षणभर मंद झाले, मग सावरले. कपाटातल्या बशा एकमेकींवर आपटायला लागल्या. यागोदा जपमाळ घेऊन बसली, पण मणी मोजता मोजता तिसऱ्यांदा चुकली.

“मावशी, इकडे ये,” निक्शाने खुर्ची ओढली. “तुझं घर दाखवतो. आता कसं झरझर चालतं बघ.” आवाज ऐकू यावा म्हणून त्याने तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि बाणांवर बोटं ठेवायला शिकवलं.

यंत्राची घरघर दूर गेली. यागोदा आपल्याच घरात चालायला लागली. दार, बोळ, बैठक. चुन्याचा पिवळटपणासुद्धा जिथल्या तिथे. वळून ती स्वयंपाकघरात आली आणि बेसिनपाशी उभी राहिली. मान आपोआप आखडली. तिने वाट पाहिली.

काहीच ऐकू आलं नाही.

ती जरा मागे सरकली, पुन्हा पुढे आली. मग हेडफोन काढून म्हणाली, “तो गुरगुरत नाही रे.”

“कोण?”

“तुझा तो. भिंतीमागचा.”

निक्शा हसला. “आवाज बसला असेल. जुन्या आवाजांचं कधीकधी...” बोलता बोलता त्याचं हसू ओठांवरच राहिलं. तो स्क्रीनकडे बघत होता. बेसिनच्या मागे, कोठीपलीकडे तासो खणत होता त्याच जागी, आता सलग दगड होता.

“त्याला ठेवलं होतंस कुठे?” यागोदाने विचारलं.

“खोलीत,” तो अगदी हळू म्हणाला. “स्टिपेकाकाने काढायला लावली होती. मी म्हटलं, काका, हिला दार नाही, खेळणारा आत जाणार कसा? तर म्हणाला, कुणी जाऊ नये म्हणूनच काढायची.” तो उठला, खुर्ची मागे पडली. “मावशी, तो शाफ्ट होता! मेन बंद कर! मेन!”

तो नव्या बोळाकडे धावला. तासोच्या कानांवर आवाज अडवणारी टोपणं, पाठ इकडे. हाका मारून उपयोग नव्हता. यागोदा दाराजवळच्या पेटीपाशी पोचली आणि दोन्ही हातांनी खटका खाली ओढला.

घर विझलं. जमिनीखालचा अंधार हा वरच्या अंधारासारखा नसतो. त्यात स्वतःचा हातही हरवतो. यंत्र एक लांब सुस्कारा टाकून थांबलं.

“काय म्हातारे!” आतून तासोचा आवाज आला. “बिल भरायचं विसरलीस?”

“तासोकाका, हलू नका,” निक्शा म्हणाला.

“हलू नको तर काय नाचू? दिवा लाव...”

“शू. ऐका.”

भिंतीच्या आत काहीतरी सरकत होतं. पोत्यातून तांदूळ सांडावेत तसा आवाज, बारीक, सारखा, कुठेही न अडखळता. यागोदा कोठीच्या दाराला पाठ लावून उभी होती. तिला तो आवाज पाठीच्या कण्यात लागत होता.

तासो पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येईना. “पोरा, माझा हात धर. यंत्र राहू दे तिथेच. हळू चल. भिंतीला हात लावू नकोस.”

ते बाहेर उन्हात येऊन बसले. तासोच्या केसांत, भुवयांत लाल माती होती. त्याने सिगारेट पेटवली. निक्शाने खालमानेने सगळं सांगितलं: दार नसलेली खोली, झाडलोट, सगळं.

“तुझ्या त्या यंत्राने काढण्याआधी विचारलं का नाही?”

“विचारू नये असं मीच लिहिलं, तासोकाका.”

“मग आता जुना नकाशा काढ. बघू दे कुठवर आहे तो खड्डा.”

निक्शाने नकारार्थी मान हलवली.

“नव्याने झाडला तो जुन्याच्याच जागी ठेवला गेला,” तो म्हणाला. “दुसरी प्रत नाही.”

“बरं, एक कळला ना,” यागोदा म्हणाली. “तेवढा एक सोडून खणू.”

“एक नव्हता, मावशी. स्टिपेकाका टेकडीभर फिरवून काढायला लावायचा. मी कंटाळून जायचो. किती काढले, कुठे काढले... काही आठवत नाही. राक्षस फक्त एकातच ठेवला होता. बाकीचे मुके होते.”

तासोने सिगारेट दगडावर चिरडली. त्याने टेकडीकडे पाहिलं, मग यागोदाच्या दाराकडे, आणि उठून गाडीकडे गेला. जाताना एकही थट्टा केली नाही. जमिनीवरच्या, दोन खोल्यांच्या पत्र्याच्या भाड्याच्या घराची किल्ली त्याच्याकडे होती. ती आणून त्याने यागोदाच्या मांडीवर ठेवली. तिने परत दिली. तीस वर्षं जिथे झोपली तिथेच झोपणार म्हणाली. निक्शाने वाद घातला, मग सोडून दिला, आणि आपली गादी तिच्या दाराबाहेर बोळात आणून टाकली.

संध्याकाळी दिवे पुन्हा लावले तेव्हा सरसर थांबली होती. निदान ऐकू येत नव्हती. यागोदाने वही उघडली, मंगळवार, ११ जुलै असं लिहिलं, हवा लिहिली, आणि खाली लिहिलं: धूळ कुठून येते ते कळलं. कोठी रिकामी केली. पीठ, साखर आणि मीठ बैठकीतल्या कपाटात आहे.