सुटली पाहिजे अशी गाठ

आमच्या मोहल्ल्यात एक बुढा रोज सकाळी हात गळ्यात बांधून चहाच्या टपरीवर जाये. एक दिवस उजवा हात, दुसऱ्या दिवशी डावा. नवीन माणूस घाबरून विचारे, "काय झालं गा ईश्वरदासभाऊ, पडले काय?" तर म्हणे, "पडलो नाही. सुनेची परीक्षा हाये." थे आमचे मोठेबाबा. आन् सून म्हणजे प्रणाली.

प्रणालीचं असं का, सकाळी दोघी पोट्ट्याइचे डबे, मंग नर्सिंग कॉलेज, तिथून सुटली का लकडगंजात तिखटाची पाकिटं भराचं काम. घरी आली का आधी सगळे शिंकत. लहानी मयुरा दारातूनच ओरडे, "आई आली, आक्छी!" नवरा पंकज वाडीच्या गोदामातून ट्रक घेऊन जाये, कधी घरी, कधी रस्त्यावर. त्यानं एकच सांगून ठेवलं होतं, "हे पाह्य, आता नापास झाली त पुन्हा नाही जमत. पोट्ट्या, तिखट, कॉलेज, एकटी किती ओढशील?" राग नव्हता त्याच्या बोलण्यात. खरंच नव्हतं जमत.

तशी अभ्यासात हुशार. सुई, सलाईन, बीपी, सगळं पक्कं. अडलं कुठं, त गाठीत.

घर कोष्ट्याचं. माग आता विकला, पण ती लग्न होऊन आली तवा चालू होता. तुटलेला धागा जोडाची एक बारीक गाठ असते, डाव्या अंगठ्याखाली दाबून बांधतात. थे मोठेबाबानंच तिले शिकवली. धागा दुसरीकडे तुटन, पण गाठ सुटाची नाही. प्रणालीच्या बोटात अशी बसली का झोपेतही बांधन.

कॉलेजच्या टेस्टमधी तिनं एकीच्या हाताले गळ्यात अडकवाची झोळी बांधली. मॅडमनं टोक ओढलं. सुटे ना. दोघीतिघी लागल्या, तरी नाही. शेवटी कैची आणली.

"प्रणाली, पेशंटला घरी पाठवताना सोबत कैची पण देणार का?" मॅडम म्हणे. आख्खा वर्ग हासला. "फायनलला बाहेरच्या मॅडम येतील. हीच गाठ बांधलीस तर मी काही करू शकणार नाही."

तिनं घरी येऊन सांगतलं, त मोठेबाबा खाटेवर ताठ बसले.

"कैची लागली? वा! शिकवली कोणं!"

"मामाजी, तुमी खुश काहून होऊन राहिले? थे सुटाले पाहिजे."

"सुटाची असन त बांधता कायले?"

"सूज आली, हात निळा पडला, त पटकन सोडता नको याले? माणूस हाये मामाजी, लुगडं नाही."

मोठेबाबा भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. तिले वाटलं, रागावले. पण सकाळी चहा व्हायच्या आधी हात पुढं करून बसले होते.

"चाल वं पोरी, बांध. सवय मीच लावली, मीच काढतो."

झालं. रोज कॉलेजले जाच्या आधी हेच. मोठी मेघा पेशंटची नातेवाईक बनून रडाचं सोंग करे, मयुरा सफरचंद म्हणून बटाटा घेऊन भेटाले ये. मोठेबाबा मोकळ्या हातानं टोक ओढत, आन् सुटलं नाही का असे ओरडत, "फेल!" का शेजारची दामिनीकाकू खिडकीतून म्हणे, "आजबी काय वं?" एक दिवस हाताले, डोक्याले, पायाले, तिन्ही गाठी मागावरच्याच बसल्या. कैची मयुरानं कुठंतरी टाकलेली. बुढा तसाच टपरीवर गेला, आन् लोकाइनं उठून बसाले जागा देल्ली.

शेवटी त्याइलेच सुचलं. जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आन् तिच्या डाव्या अंगठ्याले गुंडाळली. "थे गाठ याच्याच जोरावर बसते. यालेच सुट्टी दे." अंगठा झाला जाड, बोटं अडखळले, आन् कॉलेजातली सपाट गाठ, रीफ नॉट म्हणतात, थे पहिल्यांदा बसली. मोठेबाबानं ओढली. सरकन सुटली.

"पास!" मयुरा त नाचलीच.

परीक्षेच्या दिवशी घाईत चिंधी काढाची राहूनच गेली. बाहेरच्या मॅडम म्हणे, "हे काय, लागलंय का?"

"नाही मॅडम, सासऱ्यांनी बांधली. आठवणीसाठी."

मॅडमले काही समजलं नाही. त्याइनं झोळीचं टोक ओढलं. सुटली.

आता ती एका दवाखान्यात नर्स हाये. तिखटाचं काम गेलं, घरातली शिंक गेली.

मोठेबाबा या हिवाळ्यात गेले. चहा पिऊन आडवे झाले, उठलेच नाही. नाडी प्रणालीनंच पाह्यली, सगळ्याइले तिनंच सांगतलं. मंग कोणीतरी म्हणलं, पायाचे अंगठे बांधा, तशी रीत असते. दोरा आणला, पण पुढं कोणी होये ना. प्रणाली पायापाशी बसली, अंगठे जुळवले, बांधले. मयुरा बाजूले उभी होती. तिनं सवयीनं टोक ओढलं. सरकन सुटलं.

"पास," पोट्टी हळूच म्हणे.

प्रणाली हासली का रडली, कोणाले समजलं नाही. "आज नाही वं," म्हणे. दोरा पुन्हा घेतला, डाव्या अंगठ्याखाली दाबला आन् त्याइचीच गाठ बांधली.

मयुरानं ओढून पाह्यली. नाही सुटली.