नवरीचे मामा जिथं असतील तिथून

घरची थोडी जिरायत आणि वीसेक शेळ्या, हा माझा धंदा. पण लग्नसराई आली की मी माईकवाला. आष्टी तालुक्यातल्या निम्म्या लग्नांत माझा आवाज वाजलाय. आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी आलेल्या सगळ्या पुढाऱ्यांची नावं घ्यावी लागतात, आणि एखादं राहिलं तर तो माणूस न जेवता गाडीत बसतो आणि पुढची पाच वर्षं त्या घराशी बोलत नाही. माझ्या खिशात चिठ्ठ्यांचा ढीग असायचा.

आवाज खणखणीत, पण आत सगळा पोकळ कारभार. माईक हातात घ्यायचा म्हटलं की छातीत धडधड, तळव्याला घाम. लग्नसराई सरली की त्याच्या उलटं. आठ-आठ दिवस बाजेवरून उठू वाटायचं नाही, शेळ्या ओरडून ओरडून थकायच्या. दोन्हीवर मी एकच औषध काढलं होतं, क्वार्टर. सकाळी धडधडीला एक, संध्याकाळी उदासीला एक. पुढं पुढं तर धडधड माईकची का दारूची, हेच कळेना.

थोरल्या भाचीच्या लग्नात आक्का म्हणाली, "आज माईक दुसऱ्याला दिलाय. तू नुसता मामा व्हय." मामाचं काम एवढंच, मंगलाष्टकाच्या आधी भाचीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं. पण चारचौघांतून चालत जायचं म्हणून मला भ्या वाटलं, आणि ते घालवायला मी मांडवामागच्या ट्रॉलीत जाऊन बसलो. माईकवाल्यानं तीनदा पुकारलं, "नवरीचे मामा जिथं असतील तिथून यावं." मामा ट्रॉलीत कडब्यावर घोरत होते. शेवटी शेजारच्या एका भल्या माणसानं पोरीला आणलं.

आक्का भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "सगळ्या फोटोत बघितलं. माझा भाऊ कुठंच न्हाई."

मग मी मारुतीसमोर नारळ फोडला आणि एका झटक्यात सोडली. हुशारी बघा. तिसऱ्या दिवशी अंग थरथर कापायला लागलं आणि भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसायला लागल्या. बायकोनं गाडी करून मला नगरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी मला भरती केलं आणि मग झापलं. रोज पिणाऱ्यानं आपल्या मनानं अशी एकदम बंद करायची नसते, जीव जातो, म्हणाल्या. जरा माणसात आल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही पिता कशासाठी?"

कवा सोडणार, हे मला अख्ख्या गावानं विचारलं होतं. कशासाठी, हे कुणीच नाही. मी म्हणालो, "भ्या वाटतं, बाई." आणि एवढा मोठा बाप्या मी, हमसून हमसून रडलो. त्यांनी सांगितलं की ही भीती आणि ही उदासी दोन्ही आजार आहेत, त्याला गोळ्या आहेत, आणि दर महिन्याला येऊन बोलायचं आहे. मला तर वाटत होतं माझा स्वभावच असा नासका आहे. आजार म्हटल्यावर लई हलकं वाटलं.

गावात बोंब झाली की मी येड्याच्या डॉक्टरकडं जातो. पारावर एक दोस्त म्हणाला, "का रं, येडा झाला का तू?" मी म्हणालो, "झालतो. आता उतरायलंय."

संध्याकाळी सात वाजले की जीव कासावीस व्हायचा. बायको काही उपदेश करायची नाही, पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांचं टोपलं आदळायची आणि म्हणायची, "फोडा." त्या वर्षी आमच्या सगळ्या आळीला शेंगदाण्याची चटणी आमच्या घरून गेली.

वर्ष-सव्वा वर्षानं धाकट्या भाचीचं लग्न निघालं, कडा गावातल्या मंगल कार्यालयात. आक्का घरी आली आणि म्हणाली, "अवंदा माईकबी तूच धर. पर वास आला तर लोकांदेखत काढून घीन, आन् पुन्हा माझ्या दारात यायचं न्हाई." ती तसंच करणार हे मला माहीत होतं.

लग्नाच्या दिवशी गोळी घेतली, दोन चहा घेतले. धडधड होतीच. डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे श्वास सावकाश सोडत माईक धरला. एक पुढारी राहू दिला नाही. सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, सगळे घेतले. नवरदेव बोहल्यावर आला, अंतरपाट धरला. मी पुकारलं, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं."

कुणीच हलेना. मी पुन्हा पुकारलं. मग मला राग आला. "नवरीचे मामा, आपण जिथं असाल तिथून या. मुहूर्त टळायलाय. मामा म्हणून काही जबाबदारी असती का न्हाई माणसाला?"

पुढची रांग हसायला लागली. मला वाटलं फेटा सुटला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आजबी टाकूनच आलंय येडं," आणि हसणं थांबलं. आक्का गर्दीतून तरातरा आली. तिनं माझी हनुवटी धरली आणि सगळ्या मांडवादेखत माझ्या तोंडाचा वास घेतला. माईक आमच्या दोघांच्या मधे चालूच होता.

"चहा पिलाय," ती म्हणाली, आणि ते पार आचाऱ्यापर्यंत ऐकू गेलं. मग तिचा आवाज फुटला. "आरं मुडद्या, मामा तूच हायेस."

पळून जावंसं वाटलं. पण माईक हातात होता, म्हणून बोललो. "मंडळी, नवरीचा मामा मीच हाय. मला गर्दीचं लई भ्या वाटतं, कायमच वाटायचं. त्यात इसरलो. पर आज मी पिलेलो न्हाई." सांगून टाकलं एकदाचं.

नवरीच्या खोलीत गेलो, तर भाची हसून हसून काजळ पसरून बसली होती. "मामा, किती वेळ लावला," ती म्हणाली. मी हात पुढं केला. तिनं तो घट्ट धरला आणि आम्ही निघालो.

गोळ्या अजून चालू आहेत, शेंगाही फोडतो. आक्काच्या घरात शिरल्या शिरल्या समोर एक फोटो दिसतो. माझा फेटा वाकडा आहे, एका हातात माईक तसाच राहिलाय, दुसऱ्या हातात भाचीचा हात. घरात कुणी नवं माणूस आलं की आक्का आधी त्याला त्या फोटोपाशी नेते, नवरा-नवरी सोडून माझ्यावर बोट ठेवते आणि म्हणते, "ह्यो माझा भाऊ."