उतारा घसरला

आजवर कुणालाही, अगदी बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं हसत सांगता येईल. आमच्या कारखान्याच्या काट्यावरचा फुटबॉलचा फळा बंद पडला तो माझ्या अंगठ्यामुळं. त्या फळ्याचे लेखक, संपादक आणि बहुधा एकमेव नियमित वाचक म्हणजे माझे थोरले साडू. आयुष्यात एकदाही चेंडूला पाय न लावता फुटबॉल कोळून प्यायलेला एवढा मोठा जाणकार इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही. आणि झाला असता तरी साडूंनी ते कुणाला कळू दिलं नसतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. आमच्या मुलखाचा खेळ कबड्डी. फुटबॉल आणला तो मिलमधल्या एका मल्याळी फिटरनं. चिपाडाच्या ढिगामागं मैदान झालं, कॉलनीतल्या अकरा जणांचा संघ झाला, आणि आसपासचे कारखाने व बारामतीचे दोन क्लब मिळून साखळी सामने सुरू झाले. दिवाळीनंतर सुरू व्हायचे, होळीला संपायचे. म्हणजे नेमके गळिताच्या हंगामाबरोबर. साडू वजनकाट्यावर क्लार्क होते. उसाच्या गाड्या तोलायच्या आणि काट्याशेजारच्या फळ्यावर रोजचं गाळप व उतारा लिहायचा, हे त्यांचं काम. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून साखर किती किलो निघाली तो आकडा; उसाचा भाव त्यावर ठरतो, त्यामुळं आमच्याकडं माणसं देवाच्या कौलापेक्षा उताऱ्याकडं जास्त भक्तीनं बघतात. वरच्या दोन ओळी कारखान्याच्या. खालचा सगळा फळा साडूंनी वर्षावर्षानं, बांध कोरल्यासारखा, फुटबॉलखाली आणला होता.

त्यांना ऑफसाइड कधी कळला नाही, पण समजावून सांगायचे ते असा, की रेफरीनंही मान डोलवावी. "टोकनचा नंबर आला नसताना गाडी पुढं घातली, की ऑफसाइड. त्यात काय अवघड हाय?" खेळाडूंचं मूल्यमापन त्यांनी उसाच्या भाषेत बसवलं होतं. वय झालेला सेंटर फॉरवर्ड म्हणजे खोडवा: लागवड जुनी, फुटवा बरा, भरवसा कमी. लॅबमधला नवा पोरगा आडसाली, उशिरा भरणारा. राखीव खेळाडू सरसकट पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला. एकदा त्यांनी चेंडू उचलून थेट काट्यावर ठेवला. वीस टनांच्या गाड्या तोलणारा काटा शून्यावरून हलेना. साडू गंभीरपणे म्हणाले, "बगा. ह्यात वजनच न्हाय. मग गोलाच्या वरनं जाईल न्हायतर काय!" एका सामन्याआधी तर त्यांनी अकराही जणांना गाडीसारखं काट्यावर उभं केलं आणि सामना हरून आल्यावर पुन्हा. दोन्ही वेळा आकडा तोच आला. "घट शून्य," त्यांनी फळ्यावर लिहिलं, "म्हणजे कोणीही पळालेले नाही."

मैदानाच्या कडेला ते छत्री घेऊन उभे राहायचे, ऊन असो नसो, आणि गोलपोस्टला छत्रीच्या दांड्यानं ठोकून मला सूचना द्यायचे. कारण गोलकीपर मी होतो. नोकरी टाइम ऑफिसात, जागा दोन खांबांमध्ये, आणि नात्यानं धाकटा साडू. तिन्हीकडं बोलणी खाण्याचीच पोस्ट. "पाव्हणं, चेंडू बगा, आकाशात काय सोयरीक ठरवायचीय का?" असं ते अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे. घरी आमच्या दोघी बायका, सख्ख्या बहिणी, हे वाक्य महिनाभर पुरवून वापरायच्या.

त्यांचा सगळ्यात मोठा सण मात्र संक्रांतीच्या सुमारास. त्या दिवशी फळ्यावर 'अर्ध्या हंगामाचा आढावा' लागायचा: संघ कसा खेळला, पुढं आशा किती. त्या साली आम्ही आदल्या दिवशी तीन-एकनं हरलो होतो. तीनही माझ्या हातातून सुटलेले. सकाळी टाइम ऑफिसला जाताना फळा दिसला. वर ठसठशीत अक्षरांत: 'संघाचा उतारा घसरला! अर्ध्या हंगामाचा आढावा.' खाली पहिलीच ओळ: 'गोलकीपर म्हणजे चिपाड.' पुढचं मी वाचलं नाही. रस काढून झालेल्या उसाच्या चोथ्याला चिपाड म्हणतात हे ज्याला माहीत आहे, त्याला पुढचं वाचायची गरज वाटत नाही.

दुपारी साडू जेवायला गेले. मी काट्याकडं गेलो आणि अंगठ्यानं एकच शब्द पुसला: 'संघाचा'. रागाच्या भरात झालं असं म्हणायची मला सोय नाही. काय होईल ते मला ठाऊक होतं. दोनचार शेतकरी विचारतील, साडूंची फजिती होईल, एवढीच माझी अपेक्षा होती. ते परत येईपर्यंत फळ्यापुढं पन्नासेक शेतकरी सभासद जमले होते. नरसिंहपूरकडचे एक पटकेवाले तात्या पुढं झाले. मी पंधरा पावलांवर, टाइम ऑफिसच्या खिडकीत.

"क्लार्कसायब, उतारा घसरला हे खरं हाय का?"

"खरं म्हंजी? डोळ्यांदेखत घसरला, तात्या." साडूंना वाटलं, अखेर वाचक मिळाले.

"कितीनं?"

"तीन-एकनं."

"तीननं?" तात्या मटकन खाली बसले. "आरं पर कशामुळं?"

"आमच्या पाव्हण्यामुळं. माझे साडू हायत म्हणून झाकणार न्हाय मी. समोर आलेला माल हातातनं सोडत्यात."

"ते टाइम आपिसातले?"

"व्हय, तेच. खिडकीत हुबं हायत बगा."

पन्नास डोकी माझ्याकडं वळली. मी हजेरीच्या वहीत डोकं घातलं.

"आन् पुढं काय व्हईल?" कुणीतरी रडवेल्या आवाजात विचारलं.

"पुढं आशा न्हाय," साडू म्हणाले. "बारामतीला गेलो की आनखी घसरणार."

मग जे व्हायचं ते झालं. गाड्या आडव्या लागल्या, मिलमध्ये ऊस ओढून नेणाऱ्या गव्हाणीत कांडं पडेना, आणि भर हंगामात मिल थांबली. सगळ्यांना खरा उतारा दाखवून शांत करेपर्यंत दिवस कलला. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी साडूंना फळ्यापाशी बोलावून विचारलं, हे कुणाचं लिखाण? साडूंनी फळ्यावरची ओळ पुन्हा वाचली. "अक्षर माझंच हाय सायब," ते म्हणाले. "'संघाचा' लिवायचं राहून गेलं." मी टाइम ऑफिसच्या दारातच उभा होतो. त्यांना शंकाही आली नाही. उभ्या जन्मात काट्यावर एक आकडा न चुकलेल्या माणसानं ती चूक आपली म्हणून उचलली.

त्यांची बदली गोदामात झाली, पोती मोजायला. फळ्यावर फुटबॉल बंदचा हुकूम निघाला. वॉचमन ओलं फडकं घेऊन आला, तेव्हा मी पहिल्यांदा तो मजकूर शेवटपर्यंत वाचला: 'गोलकीपर म्हणजे चिपाड. पण बॉयलर चिपाडावरच पेटतो, हे कोणी विसरू नये. पुढील हंगामाची आशा तेथेच.' सभासदांनी एक ओळ वाचून मिल बंद पाडली म्हणून आम्ही त्यांना वर्षभर हसलो. मीही एकच ओळ वाचली होती.

त्या हंगामात आम्ही बारामतीला अंतिम सामन्यापर्यंत गेलो. मी एक पेनल्टी अडवली आणि उठायच्या आधी कडेला बघितलं. छत्री नव्हती. त्यानंतर साडू मैदानावर आले नाहीत. गोदामात ते प्रत्येक पावतीवर बोट ठेवून, ओठ हलवत, दोनदोनदा वाचून सही करायचे. हमाल मागून त्यांची नक्कल करायचे, आणि मीही त्यांच्यात हसलो आहे.

आता ते निवृत्त होऊन कन्हेरीला राहतात. गेल्या संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो होतो. त्यांनी टीव्हीवरच्या परदेशी संघाला पाचट ठरवलं, मला चहा दिला आणि एकदम म्हणाले, "पाव्हणं, येवढं एक कोडं सुटंना बगा. त्या दिवशी 'संघाचा' कसा राहिला आसंल वो माझ्याकडनं? लिवल्यासारखं आठवतंय."

"होतं असं कधीकधी, भाऊ," मी म्हणालो आणि बशीतला चहा संपवला.

साडूंना मी एक शब्द देणं लागतो. तो त्यांनी लिहिला होता आणि मी पुसला, हे त्यांच्यासमोर बसून सांगायचं अजून राहिलं आहे.