आत्याबाईंचं नाक

आमच्या बोळात तेव्हा वीज पोचली नव्हती, पण चेटूक घरोघर पोचलं होतं. कुणाची म्हैस आटली, कुणाचं लेकरू रडलं, की दुपारच्या भाकरीपर्यंत करणी करणारी बाई ठरलेली. पुरुषावर आळ कधी येत नसे. ते बिचारे गिरणीच्या भोंग्यावर पळणारे, त्यांना करणी करायला सवड कुठली!

आमच्या घरात हा मान थोरल्या जावेचा, कारण तिची कूस उजवली नव्हती. माझं तान्हं दूध टाकू लागलं तशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या की हिचीच नजर. मिरच्या उतरवायच्या. जळताना ठसका लागला नाही तर नजर खरी, मग थोरलीला कायमची मोहोळला माहेरी धाडायची आणि दिरांना दुसरी बघायची. थोरलीनं गाठोडं बांधून ठेवलं. माझ्या बाळंतपणात हीच माझ्या उशाशी जागली होती.

आता निवाडा कुणाचा? आत्याबाईंच्या नाकाचा. जन्मभर तपकीर ओढून त्या नाकाचं पार लाकूड झालेलं. समोर मेलेली घूस ठेवली तरी कळलं नसतं.

मीठ-मोहरी-मिरच्या लेकरावरून ओवाळून विस्तवात पडल्या. सासरे डोळे पुसू लागले. दीर खोकला गिळून लालबुंद. आत्याबाईंनी चुलीवर वाकून हुंगलं आणि सांगितलं, ठसका न्हाय, लई जबर नजर हाय. सासऱ्यांनी मान डोलावली. दिरांनीही व्हय म्हटलं, बायकोकडं न बघता. खोकत होतं ते एकटं लेकरू. त्याला अजून घरची रीत कळत नव्हती.

माझं टाळकंच सरकलं.

"आत्याबाई, ठसका लई हाय. तुमचं नाक मेलंय."

तेवढ्यात सासऱ्यांना दाबलेला खोकला आवरेना. मग दिरांना. मग सगळं घरच खोकायला लागलं. आत्याबाई कसल्या हरतायत!

"मग माज्या नाकाला नजर कुनी लावली?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

थोरलीनं गाठोडं सोडलं, लुगडी परत दांडीवर टाकली. त्या दिवसापासून घरची चेटकीण मी. पण नातवाची आई पडले, हाकलणार कसं? बरंच झालं म्हणा. त्यानंतर आत्याबाई मला शिव्या द्यायच्या त्यासुद्धा जरा लांब उभ्या राहून.