अकोल्याचं मशीन बंद पडत नव्हतं

पेरणीनंतर पाऊस किती दिवस दडी मारू शकतो, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. त्या वर्षांत वऱ्हाडात सकाळचा पेपर उघडायची हिंमत होत नसे, आणि मी मात्र कॉम्प्युटरवर हजारो खोटे पावसाळे पाडत बसले होते. आमचे सर मेअखेर निवृत्त होणार होते. त्याआधी गणितं संपून त्यांची सही झाली नाही, तर नवा मार्गदर्शक, नवे हेलपाटे आणि आणखी दोन वर्षं. माझ्या एकटीच्या मशीनवर ती दिवाळीपर्यंतही संपली नसती.

मग एका मित्रानं सीडीवर एक फुकटचं टूल आणून दिलं. त्याला ना चित्रं, ना बटणं. काळी खिडकी उघडायची आणि कमांड टाइप करायच्या. ज्या ज्या कॉम्प्युटरवर ते बसवू, ते सगळे इंटरनेटवरून एकमेकांना शोधतात आणि कामाचे तुकडे वाटून घेतात. त्यांच्यात साहेब कुणीच नाही. एक बंद पडला की त्याचा तुकडा दुसरा उचलतो. आमच्या भारनियमनाच्या मुलखासाठी याहून सोयीचं काय असणार? अमरावतीची लाइट गेली तरी अकोल्याची असायची, अकोल्याची गेली की बडनेऱ्याची.

इथं अमरावतीत राजापेठेतल्या कॉम्प्युटर क्लासच्या बाईंना गळ घातली. बडनेऱ्याला मावसभावाकडे बसवलं. अकोल्यात ज्यांच्याकडे माझ्या झेरॉक्स निघायच्या, त्या दुकानदारांना सगळे भाई म्हणत, त्यांच्याकडेही गेले. तिथं कमांडमध्ये एक स्पेस राहिली आणि खिडकी माझ्यावर खेकसली. तीनदा तेच झालं. भाईंनी न मागता चहा मागवला. सुरू झालं तेव्हा गाडीची वेळ झाली होती. निघताना मी शाळेतल्या बाईंच्या आवाजात बजावलं, "काहीही झालं तरी ही खिडकी बंद करायची नाही."

"बेफिकीर राहा, मॅडम," भाई म्हणाले.

आठ दिवसांनी कोण किती वेळ चालू होतं ते मी पाहिलं. त्यासाठीही एक कमांड होती. सगळ्यांच्या नोंदीत खिंडारं होती, भारनियमनाच्या वेळापत्रकाबरहुकूम. अकोल्याच्या नोंदीत एकही नव्हतं. तिथं रोज दुपारी तीन तास लाइट जाते हे मला पक्कं ठाऊक होतं. स्वभावानंच मी संशयी. भाजीवाल्याचा काटा बघणाऱ्यांतली. मशीन काहीतरी भलतंसलतं पाठवतंय, असं ठरवून मी अकोल्याचे सगळे तुकडे बाजूला काढले आणि चरफडत बडनेऱ्याहून गाडी पकडली. ते तुकडे पुन्हा करायचे म्हणजे सरांची तारीख हुकणार होती.

पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. लाइट गेलेली. दुकानात अंधार, स्क्रीनही बंद, पण खालच्या सीपीयूच्या डब्याचा हिरवा दिवा लागलेला. त्याची वायर मधल्या दारातून आत गेली होती, घरच्या इन्व्हर्टरला. आत खाटेवर भाईंची आई बसली होती. डोक्यावर ओला पदर, हातात पुठ्ठ्याचा तुकडा. दम्यानं छाती वरखाली होत होती. शेजारी टेबलफॅन बंद.

"अम्मींचा पंखा?" मी विचारलं.

"इन्व्हर्टर दोन्ही ओढत नाही, मॅडम. तुमचं परीक्षेचं काम हाये. अम्मीच बोलली, पोरीचं काम थांबवू नको म्हून."

"रोज?"

"लाइट येईपर्यंतच. थोड्या वेळाचं काम."

थोडा वेळ म्हणजे अकोल्याच्या मे महिन्यातले रोजचे तीन तास. मी त्यांना खरं ते सांगितलं. लाइट गेली की हे मशीन बंद केलं तरी चालतं, काम आपोआप दुसरीकडे जातं, काहीही बिघडत नाही. भाईंनी मशीनची पिन काढून पंख्याची लावली. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पंख्याकडे तोंड करून अम्मींनी दोन-तीनदा श्वास घेतला. मग म्हणाल्या, "मंग पहिलेच काहून नाही सांगतलं, बेटी?"

सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण झेरॉक्सवाल्याला यातलं काय कळणार, असं मी मनात धरून चालले होते. ते तिथं बोलायची माझी छाती झाली नाही. "चुकलं माझं, अम्मी," एवढंच म्हटलं. लाज वाटली, अजून वाटते.

घरी येऊन बाजूला काढलेले तुकडे एकेक तपासले. एकही चुकीचा नव्हता. सगळे परत जोडले, म्हणून गणितं मे संपायच्या आत संपली आणि सरांची सही झाली.