ज्ञानेशच्या कॅसेटींची निरवानिरव

ठमाबाई गोठ्यात शेणाची पाटी भरत होती तेव्हाचं ते भांडण. कुडाच्या पलीकडं, ओट्यावर, बाप आणि लेक. बाप म्हणजे तिचा नवरा चिमाजी. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू-शेवंती करणारा माणूस, आवाज असा की पाटापल्याडच्या माणसानं आपल्यालाच हाक मारली म्हणून वळून बघावं. लेक ज्ञानेश, सातपूरच्या एका कारखान्यात नुकता चिकटलेला. पहिला पगार झाला, तर पोरानं आणावं काय? आईला लुगडं नाही, बापाला टोपी नाही. टीव्हीला जोडायचा व्हिडीओ गेम आणला. एक डबडं, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट.

"त्या डबड्यापुढं बसून बसून डोळं जातील एक दिवस," चिमाजी म्हणाला. "मग बस चाचपडत."

"तुम्हाला तरी कुठं काय दिसतंय," पोरगं म्हणालं.

एवढ्यावर बापाची चप्पल ओट्यावरून अंगणात आली आणि भांडण मिटलं. पण ठमाबाईची पाटी हातातच राहिली. दिवेलागणीची वेळ, बापाचं तोंड, आणि वास्तू तर म्हणे तथास्तु म्हणायला टपलेलीच असते. तिनं रात्री लेकावरून मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. तडतडल्या चांगल्या. मग ती ते विसरली. म्हणजे विसरले असं म्हणायची.

पुढं ज्ञानेशचं लग्न झालं, सुवर्णा सून म्हणून आली, चिमाजी गेला, कारखाना सुटला आणि ज्ञानेश मळ्यात परतला. सगळं बदललं, गेमचा नाद तेवढा गेला नाही. लोकांच्या घरात मोबाइल आले, पोरं अंगठ्यानं खेळायला लागली आणि जुन्या कॅसेटी भंगारात निघाल्या. ज्ञानेश बुधवारी गोदाकाठच्या बाजारात जायचा आणि जुन्या सामानाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून त्या काढून आणायचा. कुठं तुटका रिमोट, कुठं बदकं मारायची बंदूक, वायर नसलेली. घरी आणून पुसायचा, कॅसेटीच्या फटीत जोरात फुंकर मारायचा आणि जुन्या फुगीर टीव्हीला लावायचा. फुंकर ऐकू आली की ठमाबाई म्हणायची, "बसला आमचा भगत अंगारा द्यायला." सुवर्णा पोळी लाटता लाटता हसायची. दोन लोखंडी पेट्या भरल्या होत्या, माळ्यावर ठेवलेल्या. कुणाला त्रास नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, माणूस आपला फुंकर मारतोय.

यंदा पोळा झाला आणि ज्ञानेशनं त्या दोन्ही पेट्या खाली काढल्या.

ओसरीवर चादर अंथरली आणि एकेक कॅसेट ओळीनं मांडायला लागला. गाड्यांच्या एकीकडं, मारामारीच्या एकीकडं, उड्या मारायच्या तिसरीकडं. बिघडलेल्या भिंतीला. ठमाबाई दारातनं बघत होती. 

माणूस जायच्या आधी आपल्या वस्तू ज्याच्या त्याच्या हाती लावतो, मागच्यांना सांगून-सवरून ठेवतो, त्याला निरवानिरव म्हणतात. चिमाजीनं केली होती. चांगला धडधाकट माणूस. पोळ्याचे बैल धुतले, दुसऱ्या दिवशी विळे-खुरपी ओट्यावर ओळीनं मांडली, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली लेकाच्या हातात दिली, पानाची चंची थोरल्या बहिणीला धाडून दिली. ठमाबाईनं चेष्टाच केली होती, म्हणाली, काशीला निघालात का. आणि दसऱ्याचा झेंडू तोडायला तो राहिला नाही.

तेव्हा चेष्टा केली. आता जीभ उचलेना.

आणि ज्ञानेशचं वागणं तरी कुठं सरळ होतं. कॅसेट हातात घ्यायचा, डोळे मिटायचा, कडांवरनं बोटं फिरवायचा, स्क्रूच्या भोकात नख घालायचा, आणि मग मोबाइल तोंडाशी धरून पुटपुटायचा. ही टँकची, कोपरा फुटलेली, चालू आहे. ही मोटारसायकलची, पाठीला चर आहे, चालू आहे. जाणाऱ्या माणसानं सांगून ठेवावं तसं. चालता चालता तांब्याला ठेचाळायचा. चौकटीवर खांदा आपटायचा. बाजूला बसलेली सुवर्णा दिसायची नाही, हाक मारायचा. मनात काही धरलेला माणूस असाच असतो, ठमाबाईला वाटायचं. देह इथं, जीव भलतीकडं.

एका दुपारी ती खिडकीखालून चालली होती. आत टीव्ही टुंगटुंगत होता, आणि ज्ञानेश स्वतःशीच बोलला, "आता शेवटची लाइफ. ही गेली की संपलं."

लाइफ म्हणजे जीव, एवढं इंग्रजी ठमाबाईला कळत होतं. न कळतं तर बरं होतं.

त्या दिवसापासून तिनं पाळत धरली. फवारणीचं औषध उचललं आणि गोठ्यातल्या मोडक्या ट्रंकेत घालून कुलूप लावलं, किल्ली कमरेच्या पिशवीत. विहिरीचा दोर गुंडाळून स्वतःच्या गोधडीखाली घेतला. त्यावर झोपून पाठ धरली ती वेगळीच. ज्ञानेश परसाकडं गेला तरी ही जरा लांब उभी राहून शेंगा तोडल्यासारखं करायची. झाडावर शेंग नसली तरी. सुवर्णाला बोलावं तर ती घाबरेल. लेकाला विचारावं तर, न जाणो, विचारल्यानंच त्याला पक्कं सुचेल. पहाटे मात्र ती निवांत असायची. अंधारातच दोघं मोटारसायकलवर फुलबाजाराला निघायची, मागं झेंडूचे क्रेट, मधे ती, पुढं तो. तेवढा वेळ तो तिच्या हाताशी होता. जातोय कुठं, असं मनाशी म्हणून ती त्याच्या पाठीला टेकून डुलकीसुद्धा काढायची.

इकडं औषध कुलपात, तिकडं शेवंतीवर मावा पडला. शेंडे काळे पडायला लागले. सुवर्णानं सगळं घर शोधलं. ठमाबाई म्हणाली, उंदरांनी नेलं असेल. औषधाचा डबा नेणारा उंदीर सुवर्णानं पाहिला नव्हता, पण सासूपुढं ती पुन्हा फडताळ उपसायला लागली.

शेवटी ज्ञानेशच विचारायला आला. चादर अंथरलेलीच होती. ठमाबाई कॅसेटींच्या ओळीपाशी बसली होती, जणू त्याच त्याला घेऊन जाणार होत्या.

"आये, औषध तूच ठेवलंस ना कुठंतरी? सगळी शेवंती चाललीय."

"जाऊ दे शेवंती."

"अगं पण का?"

"तुझी निरवानिरव चाललीय ती दिसतीय मला. तुझ्या बापाची पाह्यलीय मी. शेवटची लाइफ म्हणालास, ते पण ऐकलंय. औषध नाय मिळायचं."

ज्ञानेश खाली बसला. आधी त्याला हसू आलं. लाइफ म्हणजे काय ते सांगायला लागला, की गेममध्ये तीन मिळतात, गेल्या तर पुन्हा पहिल्यापासून. सांगता सांगता आईच्या कमरेच्या पिशवीवरची तिची मूठ त्याच्या ध्यानात आली आणि हसू गेलं.

"आये, मी नाय चाललो," तो म्हणाला. "डोळं चाललेत."

मग त्यानं सगळं सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊन आला होता, शिमग्याच्या आधीच. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. पाइपातून बघितल्यासारखं. आणि अंधार पडला की समोरचंही नाही. पाइप बारीक बारीक होत जाणार. कधी बंद होईल ते डॉक्टर सांगत नाहीत. कदाचित थोडं उरेलही. सुवर्णाला माहीत होतं. आईला सांगायचं नाही असं ठरवलेलं. आणि कॅसेटी सगळ्या एका मापाच्या, म्हणून दिसतंय तोवर बोटांना ओळख करून देत होता. कुठली चालते, कुठली नाही, मोबाइलमध्ये बोलून ठेवत होता, पुढं स्वतःलाच ऐकायला.

ठमाबाईला आधी बरं वाटलं. जीव आहे, मग काय पाहिजे. पण ते बरं वाटणं चूळ भरण्याइतकंही टिकलं नाही. तिला पहाट आठवली.

"अंधारात नाय दिसत म्हणतोस. मग गाडी कशी चालवत होतास?"

तो चादरीची दशी ओढत बसला. "दुधाचा टेम्पो असतो ना पुढं. त्याचा लाल दिवा दिसतो तेवढा. त्याच्या मागं मागं."

 मधे एकदा टेम्पो गल्लीत वळला होता आणि ज्ञानेश गाडी कडेला लावून उजाडेपर्यंत उभा राहिला होता. क्लचची वायर अडकलीय म्हणाला होता. आणि ती मागं बसून भाव निघून जाईल म्हणून त्याला शिव्या घालत होती. औषध कुलपात होतं, दोर गोधडीखाली होता, आणि ज्याची भीती धरायची ते रोज पहाटे तिला पाठीवर घेऊन चाललं होतं. त्याच पाठीवर ती डुलक्या काढत होती.

मग दुसरी भीती आली, जुनी. हे बापाच्या जिभेनं झालं. तिनं तसं बोलून दाखवलं. ज्ञानेश म्हणाला, टीव्हीनं होत नाही हे, डॉक्टर म्हणाले रक्तातून येतं; घरात आणखी कुणाला होतं का, विचारत होते. ठमाबाई नाही म्हणणार होती. तेवढ्यात आठवला तो. चिमाजी. दिवेलागण झाली की मळ्यात पाय ठेवायचा नाही. रात्रीच्या भजनाला कधी गेला नाही, लग्नाच्या वरातीत कुणाचा तरी हात धरून चालायचा. गाव त्याला भुताला भिणारा म्हणून हसायचं, आणि बायकोही हसायची. त्या दिवशी लेक चिडून जे बोलला होता, ते खरंच होतं. म्हणूनच चप्पल आली असेल.

"मेल्यानं स्वतःचं लपवलं," ती म्हणाली, "आणि खापर टीव्हीवर." आणि मग पुष्कळ वेळ डोळ्याला पदर लावून बसली. त्याच्यासाठी की याच्यासाठी, तिलाच कळेना.

उठली ती दोऱ्याचं रीळ घेऊनच आली. पहाटेच्या अंधारात गजरे बांधताना ती कधी फुलाकडं बघत नसे. अबोली कुठली, शेवंती कुठली, बोटंच सांगायची. तिनं कॅसेटीच्या बाहेर राहणाऱ्या कडेला दोरा गुंडाळून गजऱ्याची गाठ मारली. गाडीची असेल तर एक गाठ, मारामारीची दोन, उड्यांची तीन. ज्ञानेशला म्हणाली, मिट डोळे, सांग. त्यानं मारामारीची उड्यांत टाकली.

"आता तर डोळे नुसते मिटलेत, तरी ही तऱ्हा," ती म्हणाली. "फूल असतं तर गिऱ्हाईकानं तोंडावर मारलं असतं."

दोन्ही पेट्या व्हायला दसरा जवळ आला. औषधाची किल्ली तिनं सुवर्णाला दिली; अर्धी शेवंती गेली होती, अर्धी वाचली. दोर विहिरीवर गेला. पण भीती काही गेली नाही. तिनं जागा बदलली एवढंच. आता ठमाबाई वाटेतला तांब्या उचलायची, चौकटीपाशी हात आडवा धरायची, आणि ज्ञानेशला ते दिसलं की चिडायचा म्हणून त्याला दिसणार नाही अशा बाजूनं उभी राहायची. ती बाजू तिला आता नेमकी कळली होती.

डॉक्टरांनी अंधारात गाडी बिलकुल नको आणि उजेडातलीही सोडत आणा असं बजावलं होतं. पहाटेचे क्रेट शेजाऱ्याच्या टेम्पोतून जायला लागले. मोटारसायकल सुवर्णाच्या भावानं सटाण्याला न्यायची ठरली. तो संध्याकाळी येणार होता. दुपारी पंचवटीत नवसाबाईच्या दुकानी फुलं पोचवायची तेवढी एक खेप राहिली होती. ऊन लख्ख होतं. ठमाबाई नको म्हणाली नाही, फक्त मागं बसायला आली.

ज्ञानेशनं क्रेट दोरीनं आवळले, फडक्यानं सीट पुसली, किक मारली. पाटाच्या कडेनं गाडी रोजच्यासारखी निघाली, जरा हळू. ठमाबाईनं तळहात त्याच्या पाठीवर ठेवला होता आणि दोन्हीकडं बघत होती, डावीकडं, उजवीकडं, मान दुखेस्तोवर. रामवाडीच्या पुढं डावीकडून रिक्षा आली. ती बोलायच्या आत त्यानं हॉर्न दिला. आवाज ऐकला असेल.

नवसाबाईनं क्रेटमध्ये हात घालून, झेंडू कालच्यापेक्षा बारीक आहे म्हणून नेहमीची कुरकुर केली. "मावशी, उद्या मोठा धाडतो," ज्ञानेश म्हणाला. रिकामे क्रेट झटकले, मागं बांधले, गाडी वळवली, आणि आई नीट बसेपर्यंत एक पाय टेकवून उभा राहिला.